मुरमाडावरची खुंटी

हरणवाडीच्या पिकाचं वजन साताऱ्याच्या कचेरीत आलं तेव्हा ज्योतिबा झिमल डबा उघडून बसला होता. भाकरीचा मोडलेला तुकडा हातातच राहिला. कारकुनानं कागद पुढं सरकवला आणि दात काढत म्हणाला, "मास्तर, तुमच्या गावानं नाव काढलं बघा. सगळ्या पूर्व भागात तुमचाच शाळू भारी."

ज्योतिबानं कागद वाचला. उलटा करून मागची बाजू बघितली, परत सुलटा करून वाचला. तुकडा डब्यात टाकला आणि डबा मिटला.

हरणवाडी म्हणजे म्हसवडच्या अलीकडं माळाला गोचडीसारखी चिकटलेली वाडी. ओढ्याकडंची थोडी रानं काळी, बाकी सगळं मुरमाड. सेहेचाळीसच्या त्या रब्बीला पेरणी झाल्यावर आभाळानं पुन्हा तोंड दाखवलं नव्हतं. संक्रांतीला ज्योतिबा आईला भेटून आला, तेव्हा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, कणीस बाहेर पडायच्या आधी पोटरीतच वाळायला लागला होता. आणि कागद म्हणत होता की गाव लेव्हीला पात्र आहे.

लेव्ही काय असते ते तेव्हा शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. लढाई संपली तरी शहरात रेशन चालूच होतं, आणि रेशनचं धान्य सरकार शेतकऱ्याच्या खळ्यावरनं उचलत होतं. सोळा आणे म्हणजे पुरतं पीक; गावाचं पीक त्यातलं किती आणे, त्यावर किती उचलायचं ते ठरायचं. ठराविक आण्यांच्या खाली पीक गेलं की गावाला माफी, वर राहिलं की गाडी दारात. त्या साली हरणवाडीत गाडी शिरली असती, तर पुढच्या सुगीपर्यंत लोकांच्या पोटात जाणार होती तेवढीच ज्वारी तिला मिळाली असती. आणि ती तिनं नेली असती.

हा आकडा दुसऱ्या कुणी काढला असता तर ज्योतिबानं आरडाओरडा केला असता. पण तो ज्योतिबाच्याच शास्त्रानं काढला होता.

त्याचा बाप धुळा झिमल मेंढकर होता. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा, बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायचा, आणि त्या खताच्या बदल्यात मिळालेलं धान्य घोड्यावर लादून पावसाच्या तोंडाला माळावर परतायचा. ज्योतिबाचं लहानपण त्याच घोड्यावर, कोकरांच्या पाटीशेजारी बसून गेलं. पुढं साताऱ्याचं बोर्डिंग, मग सांगलीचं कॉलेज. एम.ए. होऊन तिथंच अर्थशास्त्र शिकवायला लागला. हरणवाडीत त्याचं कौतुक असं, की एखादं पोर रडायला लागलं तर बाया म्हणायच्या, "गप ऱ्हा, न्हाईतर ज्योतिबा मास्तर इंग्रजीत बोलंल."

पण नुसतं फळ्यापाशी उभं राहून त्याचं भागत नव्हतं. कॉलेजला सुट्टी लागली की तो पिकं बघायला निघालेल्या सर्कलच्या घोड्यामागनं पायी हिंडायचा. सर्कल म्हणजे महसूल खात्याचा माणूस. हा बांधावर घोडं उभं करायचा, डोळे बारीक करायचा, आणि म्हणायचा, "सात आणे." का सात, पाच का नव्हेत, ते त्याला विचारायचं नाही. पाटलाच्या घरी कोंबडं चांगलं झालं असलं तर सहा. वरनं सरकारचा रेटा असला तर आठ. हे सगळं बघून ज्योतिबानं एक लांबलचक निबंध लिहिला आणि पुण्याच्या एका मासिकात छापून आणला. त्यात त्याचं म्हणणं एवढंच: डोळ्यावर जाऊ नका. चिठ्ठ्या टाकून गाव निवडा, चिठ्ठ्या टाकून रान निवडा, त्या रानात कुठं उतरायचं तेही चिठ्ठीवरच्या आकड्यानं ठरवा. कोपऱ्यापासनं तेवढी पावलं चालत जा, तिथं खुंटी ठोका, दोरीनं चौकोन आखा. चौकोनातलं पीक कापा, मळा, वाळवा आणि जोखा. जे भरेल ते पीक.

सरकारला त्या साली पिकांचे खरे आकडे पाहिजेच होते. एक दिवस कॉलेजात प्रिन्सिपॉलच्या नावानं लखोटा आला, आणि ज्योतिबा एका हंगामासाठी कॉलेजातनं उसना साताऱ्याला गेला. जमलं तर मुंबईत नव्या खात्यात कायमची जागा, आणि निबंधाचं पुस्तक.

सुरुवातीलाच हरणवाडीची चिठ्ठी निघाली. ज्योतिबानंच नियम घातला होता की आपल्या गावच्या कापणीला आपण उभं राहायचं नाही. तो नियम त्यानं पाळला, आणि हरणवाडीला सर्कल गेला.

आता हा कागद घेऊन तो प्रांतसाहेबांच्या दारात उभा राहिला.

"साहेब, हरणवाडीचा आकडा चुकलाय."

"कशावरून?"

"मी पीक पाहिलंय."

प्रांतसाहेबांनी टेबलाचा खण ओढला आणि आतनं ज्योतिबाचा निबंध काढला. तांबड्या पेन्सिलीनं खुणा केलेल्या होत्या. त्यातली एक ओळ त्यांनी शाळेतल्या पोरासारखी मोठ्यानं वाचली. "'डोळा हे वजनाचं साधन नव्हे.' हे कुणी लिहिलंय, झिमल?"

"मी."

"मग?"

ज्योतिबानं हातातला कागद दुमडला.

"एक सांगा," साहेब म्हणाले. "आकडा कमी आला असता, गाव लेव्हीतून सुटलं असतं, तर आला असतात माझ्याकडं?"

ह्या प्रश्नाला दोन उत्तरं नव्हती. "नाही," ज्योतिबा म्हणाला.

"मुंबईच्या जागेसाठी मी तुमचं नाव धाडलंय. म्हणून सांगतो, सांभाळून. ह्या आठवड्यात मी माण तालुक्यात फिरतीवर आहे. लेव्हीच्या गाड्या बरोबर असतील. काही म्हणणं असेल तर हरणवाडीत मांडा. पण मला तुमचा डोळा नको. वजन दाखवा."

पुसेगाव, दहिवडी करत कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार खोकत खोकत निघाली. ज्योतिबा खिडकीतनं रानं बघत होता. बघायचं नाही असं ठरवूनही बघत होता. सगळीकडं तेच, कडब्याच्या वाळक्या काड्या आणि वाऱ्यावर उडणारा फुफाटा. मनात एकच किडा वळवळत होता: आकडा खरा असला तर? शास्त्र बरोबर आणि आपलं मन गावाच्या बाजूनं खोटं बोलतंय असं निघालं तर? मग गाडी भरू द्यायची आणि बाजूला उभं राहायचं. दुसरं काही करता येणार नव्हतं.

चावडीच्या कट्ट्यावर हंबीरराव पाटील तंबाखू मळत बसले होते. त्यांनी ज्योतिबाला येताना बघितलं पण उठले नाहीत.

"या मास्तर. गाड्यांच्या म्होरं आलासा व्हय? पोती शिवायचं काम तुमच्याकडंच हाय जनू."

"पाटील, दोरी कुठं पडली हुती?"

"भाऊसोच्या रानात. तुमच्याच भावकीत की. झकास पडली."

"आन् सर्कल कुठं हुता तवा?"

"खुंटी ठोकली आन् आला हितं सावलीला. ऊन लय हुतं. म्हनला, कापून मळून झालं की हाक मारा, जोखायला येतो." पाटलांनी तंबाखू दाढंला धरली. "आवं, तुमच्या शास्त्रानं गावाला पार भिकंला लावलं. आमचा आपला जुना सर्कल बरा हुता. कोंबडं खायाचा, पर माफी द्यायचा."

ज्योतिबा पिशवी खांद्याला तशीच ठेवून भाऊसोच्या रानाकडं वळला. भाऊसो त्याचा थोरला चुलतभाऊ. रान लांबडं; ओढ्याकडचं टोक काळं, वरचं टोक माळाला भिडलेलं.

कापलेला चौकोन त्याला खालीच सापडला, काळ्या पट्टीत. धसकटं अंगठ्याएवढी जाड. त्यानं उकिडवं बसून माती चाळवली. बोटांत लेंड्या आल्या. मेंढकराच्या पोराला आणखी काही सांगायची गरज नव्हती. पावसाळ्याआधी ह्या पट्टीत मेंढरं बसवली होती. सगळ्या गावात एवढ्याच तुकड्यावर शाळूला दाणा धरला असणार.

त्यानं खिशातनं चिठ्ठीवरचे आकडे काढले, रानाचा कोपरा धरला आणि पावलं टाकायला लागला. काळी माती संपली, तांबूस लागली, मग पायाखाली खडे करकरायला लागले तरी आकडा संपेना. संपला तेव्हा तो पार वर मुरमाडात उभा होता. भोवती गुडघ्याएवढी वाळकी ताटं, निम्म्यांना कणीसच नाही. आणि पायाशी जमिनीत एक भोक. वर चपटा दगड ठेवून झाकलेलं.

दगड उचलून तो बघतोय तोवर पलीकडनं घंटा वाजली आणि बांधावरनं मेंढरं रानात शिरली.

"आये!" तो ओरडला. "आवर मेंढरं! एकबी आत सोडू नगंस!"

हरणाबाई काठी टेकून थांबली; कळप आता तीच माळावर राखायची. पोटचा पोर दोन महिन्यांनी दिसला होता आणि आल्याआल्या खेकसत होता. "का रं? भाऊसोनं दिलंय रान. कापायच्या लायकीचं न्हाई, चारून घे म्हनला."

"ह्येच कापायचंय. साहेब येईस्तोवर ह्येला तोंड लावायचं न्हाई."

"आन् साहेब कवा येनार?"

"परवा, न्हाईतर तेरवा."

"तवर मेंढरं काय खात्यात? तुजी बुकं?"

पण तिनं मेंढरं वळवली. वळता वळता पुढच्या मेंढीनं दोन ताटं ओढून नेलीच. ज्योतिबानं पळत जाऊन ती तिच्या तोंडातनं काढली. हरणाबाई बघतच राहिली. "खुळं झालं," ती मेंढरांना म्हणाली.

भाऊसो खळ्यावर होता. हाक मारली तसा आला, कपाळाचं घोंगडं मागं सारत. ज्योतिबानं त्याला भोक दाखवलं.

"दादा, खुंटी कुनी हालवली?"

"कसली खुंटी?"

"दादा."

भाऊसोनं भोकाकडं बघितलं, मग माळाकडं. आणि एकदम तोच तापला. "मी हालवली! मग? तुजा सर्कल कागद बघत बघत हितं आला, खुंटी ठोकली आन् गेला सावलीला. मी बघतूय तर ताटाला कणीस न्हाई. म्हनलं, झिमलाचा पोर एवढा शिकला, सांगलीत मास्तर झाला, साताऱ्यात साहेब झाला. त्येच्या गावचं पीक कचेरीत जानार, धा सायबं हातात घेऊन बघनार, आन् आपुन ह्ये पाखडन धाडायचं? म्हनत्याल, झिमलाच्या गावात मान्सं शेती करत्यात का माती खात्यात? उपटली खुंटी आन् न्हेली खाली मेंढराच्या पट्टीत. सोयरीक बघाया पाव्हनं आलं तर आपुन फाटकं घोंगडं आथरतो व्हय रं?"

"आरं पर त्येच्यावर लेव्ही बसती!"

"ते मला काय ठावं? आजवर सर्कल आला की आमी रडकं तोंड करून हुबं ऱ्हायाचो. पोरंबाळं उपाशी हैत म्हनायचो. त्यो सरकारचा मानूस. पर ह्यो तर तुजा मानूस! तुज्या मानसापुढं रडायचं?"

निबंधात त्यानं लबाड सर्कल लिहिला होता, लोभी पाटील लिहिला होता, घाबरट शेतकरी लिहिला होता. पिकाचं वजन अब्रूपायी वर जाईल हे त्याच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

तोवर पाटीलही काठी टेकत वर आले होते. त्यांना सगळं पहिल्यापासनंच ठाऊक होतं, आणि त्यावरची तोडसुद्धा त्यांनी आधीच काढून ठेवली होती.

"मास्तर, सोपं हाय. साहेबास्नी म्हनायचं, सर्कल चुकला. पावलं मोजताना त्येचं ध्यान नव्हतं. सर्कल परगावचा, त्येची नोकरी गेली तर आमाला काय? गाव सुटलं, भाऊसो सुटला, तुमचं शास्त्रबी ऱ्हातंय."

"आन् खरं सांगितलं तर?"

"तर भाऊसोला बेड्या. सरकारी खुंटी हाय ती. चांगला आठपंधरा दीस आत बसवत्याल."

भाऊसोनं घोंगडं पुन्हा कपाळावर ओढलं आणि खळ्याकडं गेला.

पुढचे दिवस ज्योतिबा त्या मुरमाडाला धरून बसला. आई भाकरी आणून द्यायची, ती बांधावर बसूनच खायचा. गावातली माणसं लांबनं बघून जायची. कुणी म्हणायचं, "मास्तर राखनीला बसल्यात." कुणी म्हणायचं, "राखत्यात काय, वाळकी चिपाडं!" कळप पलीकडच्या उघड्या माळावर उभा असायचा, तोंडं ह्या रानाकडं करून. दुसऱ्या दिवशी एक गाभण मेंढी बसली ती उठलीच नाही. हरणाबाईनं तिचं कातडं काढताना पोराकडं बघितलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाली, "एक गेली. लिव कुठं लिवायचं तर."

तो पाटलांच्या तोडीवर विचार करत होता. लय मोहाची होती ती. सर्कल तसा निर्दोष नव्हताच. सावलीला जाऊन बसला होता. एक वाक्य बोललं की गाव, भाऊ, मुंबई, पुस्तक, सगळं जागच्या जागी. पण तो जितका त्या वाक्याजवळ जायचा तितकं त्याला दुसरं दिसायचं. सर्कलवर ढकललं की सरकार दुसरा सर्कल नेमणार. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात दुसऱ्या कुणाचा तरी पोर साहेब होऊन येणार, आणि तिथला भाऊसो खुंटी उपटून चांगल्या पट्टीत नेणार. आणि तिथं मुरमाड राखत बसणारं कुणी नसणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाड्या आल्या. पुढं प्रांतसाहेबांची मोटार, मागं रिकाम्या बैलगाड्यांची रांग, बरोबर दोन शिपाई. सर्कलही होता, तोंड उतरलेला. चावडीपुढं बाया दारादारात उभ्या राहिल्या. कणग्या कुठं कुठं आहेत ते शिपायांना दाखवायचं कुणी, असं विचारल्यावर पाटील तंबाखू मळत बसले.

ज्योतिबा साहेबांना थेट मुरमाडावर घेऊन गेला. अख्खं गाव मागनं आलं.

"साहेब, चिठ्ठीत आलेली जागा ही. आकडे तुमच्याकडं आहेत, पावलं तुम्हीच टाका."

साहेबांनी पावलं टाकली. धूळ लागून बूट तांबडे झाले. शेवटचं पाऊल त्या भोकापाशी पडलं, तेव्हा त्यांनी चष्म्यावरनं ज्योतिबाकडं बघितलं. "कापा," म्हणाले.

दोरी ताणली. ज्योतिबानं विळा भाऊसोच्या हातात दिला. सगळ्यांच्या देखत भाऊसोनं ती वाळकी ताटं कापली, कणसं मोडली, घोंगड्यावर बडवली, आणि हरणाबाईनं सुपानं पाखडलं. उरलं ते सर्कलनं तागडीत घातलं. काटा जेमतेम हलला. शेवटी साहेबांनी दाणे तळहातावर घेतले. दोन मुठी झाले नाहीत.

गावातली माणसं खाली बघत होती. माफी मिळण्याजोगं वजन होतं, पण एकाच्याही तोंडावर आनंद नव्हता. आपलं उघडं अंग सरकारनं बघितल्यासारखं झालं होतं.

"आता माझ्याकडं एकाच रानाची दोन वजनं आहेत," साहेब म्हणाले. "कुठलं धरू? की दोन्हींची सरासरी काढू?"

"सरासरी काढली तर गाव लेव्हीत जातं, साहेब."

"मग पहिलं वजन खोटं का, ते सांगा. पहिली खुंटी कुणी हलवली?"

माळावरनं वारा आला आणि घोंगड्यावरचा भुसा उडाला. पाटील खाकरले. नजरेनं त्यांनी सर्कल दाखवला. सर्कलच्या कपाळावर घाम होता. ज्योतिबानं भाऊसोकडं बघितलं. भाऊसो विळ्याच्या धारेवर अंगठा फिरवत होता.

"माझ्या चुलतभावानं," ज्योतिबा म्हणाला. "भाऊसो झिमल. हा उभा आहे."

बायांच्या गर्दीतनं भाऊसोची बायको रंगुबाई मोठ्यानं ओरडली, "आरं मुडद्या!"

"का हलवली?" साहेबांनी विचारलं.

"माझी अब्रू राखायला. कचेरीत आपल्या गावचं पीक चांगलं दिसावं म्हणून."

साहेबांना हसू येणार होतं. पण भोवतालची तोंडं बघून त्यांनी ते गिळलं. "हे मी मुंबईला कसं लिहू, झिमल?"

"जसं झालं तसं."

"तसं लिहिलं तर पुढचा प्रश्न येईल. बाकीच्या गावांत खुंट्या हलल्या नाहीत कशावरून?"

"सांगता येत नाही. कापणी होईस्तोवर खुंटीपाशी कुणी बसलेलं नव्हतं. ते माझ्या नियमात नव्हतं." त्यानं दम घेतला. "सगळी वजनं सोडून द्यावी लागतील."

"म्हणजे हंगाम गेला. ह्या वर्षी पुन्हा डोळ्यानंच आणेवारी. आणि तुमची जागा?"

साहेब उत्तराला थांबले नाहीत. त्यांनी शिपायाला खूण केली. गाड्या रिकाम्याच वळल्या. भाऊसोनं विळा बायकोच्या हातात दिला, घोंगडं झटकून खांद्यावर टाकलं आणि शिपायाच्या पुढं चालायला लागला. ज्योतिबाजवळनं जाताना थांबला.

"मी सांगितलं असतं रं," म्हणाला. "जरा थांबायचं हुतंस."

ते खरं होतं का नव्हतं, ते ज्योतिबाला पुढं कधी कळलं नाही. पण रात्री झोप लागेनाशी झाली की त्याला तेच वाक्य ऐकू यायचं.

त्या वर्षी हरणवाडीनं आपली ज्वारी आपणच खाल्ली. ज्योतिबाला मात्र गावात कुणी तांब्याभर पाणी दिलं नाही. रंगुबाईनं त्याच्या आईशी बोलणं टाकलं. शेजारच्या गावांतनं गाड्या भरून गेल्या, सर्कलच्या डोळ्यानं ठरवलेल्या आण्यांनी, आणि तिथले लोकही ज्योतिबालाच शिव्या देत होते. मुंबईची जागा दुसऱ्याला मिळाली. तो सांगलीला परतला, फळ्यापाशी उभा राहिला, आणि सुट्टीत सगळा प्रकार लिहून काढला. एक अख्खं पान त्यानं अब्रूवर लिहिलं: माणसं लोभानं पीक लपवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती मानापायी पीक फुगवतातही, आणि ज्याला ती आपला समजतात त्याच्यापुढं जास्त फुगवतात. पुण्याच्या मासिकानं बाकी सगळं छापलं. ते पान वगळलं. संपादकांचं पत्र आलं की एवढा भाग शास्त्रीय वाटत नाही.

तरी पुढच्या साली सरकारचा लखोटा परत आला. मुंबईच्या सरकारला डोळ्याच्या आकड्यांनी चांगलाच हिसका दाखवला होता. ज्योतिबानं दोन अटी घातल्या. अर्धं वर्ष मी कॉलेजात शिकवणार. आणि खुंटी ठोकल्यापासनं वजन होईपर्यंत सरकारी माणूस रान सोडणार नाही, भले डोक्यावर ऊन असू दे. सरकारनं दोन्ही मानल्या. कॉलेजनं कुरकुर केली.

शाळूचा दाणा भरत आला होता त्या दिवसांत तो हरणवाडीला गेला. भाऊसो त्याच रानाच्या बांधावर बसला होता. सजा भोगून आल्यापासनं दोघं बोलले नव्हते. त्या वर्षी परतीचा पाऊस बरा झाला होता. मुरमाडावरसुद्धा ताटं छातीला लागत होती.

ज्योतिबा शेजारी बसला.

"यंदाबी टाकनार का दोरी?" भाऊसोनं विचारलं. मान वळवली नाही.

"चिठ्ठी निघाली तर टाकनार."

"माज्या रानात पडली तर?"

"तर तुज्या रानात."

"आन् खाली पट्टीतच पडली, आपसूक? चांगल्या जागी?"

"तिथनंबी हालवायची न्हाई."

"मग लेव्ही लागंल."

"लागंल."

भाऊसोनं एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून भुसा उडवला आणि दाणे बघितले. टपोरे होते. त्यानं ते ज्योतिबाला दिले नाहीत. स्वतःच्या तोंडात टाकले आणि सावकाश चावत बसला.